भीती वाटत नाही, बाबा!

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातले कार्यक्रम ठरवायला बैठक बसली होती. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मागची दोन कामं निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. एक, सोसायटीचे हिशेब तपासायचे आणि दुसरं, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. त्याप्रमाणे मी वही उघडून कोपऱ्यात बसलो होतो. महाप्रसाद झाला, आरतीच्या वेळा झाल्या, स्पीकरचा आवाज झाला. मग मुलांच्या नाटकाचा विषय निघाला आणि एकदम गरमागरमी सुरू झाली.

मुलांना चेटकिणीचं नाटक करायचं होतं. मुलं पळवणारी, लांब नखांची, गोड बोलून घरात बोलावणारी चेटकीण. दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण आई उठून म्हणाली, ‘‘माझी मुलगी सहा वर्षांची आहे. आधीच रात्री दचकून उठते. सणासुदीला मुलांना असलं काही दाखवायचंच कशाला? छान, आनंदी काहीतरी करा ना!’’ तिच्या बाजूनं चार जण बोलले. विरुद्ध बाजूनं एक आजोबा म्हणाले, ‘‘आम्ही भुताखेतांच्या गोष्टींवर वाढलो, आमचं काय वाकडं झालं?’’ हा युक्तिवाद दिसायला जोरदार असतो. पण आपलं काय वाकडं झालं हे माणसाला स्वतःला कधी दिसत नसतं. शेवटी अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘तुम्ही लेखक आहात. काय ते तुम्हीच ठरवा.’’

बँकेत असताना कर्जाच्या एखाद्या प्रकरणात मन निर्धास्त होत नसलं, की मी म्हणायचो, ‘‘फाईल ठेवून जा, बघतो.’’ तसंच मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात आमच्या सोसायटीचं नाटक कमी आणि २००९ साली न्यूयॉर्कमध्ये झालेलं एक संगीत नाटकच जास्त घोळत होतं. त्याचं नाव ‘कोरलाइन’.

हे नाटक मी पाहिलेलं नाही. माझी मुलगी तेव्हा शिकायला न्यू जर्सीत होती. तिनं तिकीट काढायचं मनात आणलं, तोवर प्रयोग संपलेही होते. पुढच्या वर्षी त्यातल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली ती तिनं मला पाठवली आणि सोबत मूळ कादंबरीही पाठवली. कादंबरी लहान मुलांची म्हणून मी ती सहज हातात घेतली आणि त्या रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना दिवा लावून गेलो, हे कबूल करायला हवं. तेव्हा माझं वय पन्नाशीला टेकलं होतं.

नील गेमन या इंग्रज लेखकाची ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. कोरलाइन नावाची एक लहान मुलगी आईवडिलांबरोबर एका जुन्या, मोठ्या घरातल्या एका भागात राहायला येते. आईवडील दोघंही घरी बसून काम करतात. म्हणजे दिवसभर घरातच असतात आणि तरीही नसतात. खाली दोन म्हाताऱ्या निवृत्त नट्या राहतात, वरच्या मजल्यावर उंदरांची सर्कस शिकवणारा एक विक्षिप्त म्हातारा राहतो. सगळे या मुलीला ‘कॅरोलाइन’ म्हणतात. आपलं नाव ‘कोरलाइन’ आहे हे तिनं कितीदा सांगितलं तरी कुणाच्या कानात शिरत नाही. गंमत म्हणजे हे नाव लेखकाला टंकलेखनातल्या चुकीतून मिळालं. ‘कॅरोलाइन’ लिहिताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली, आणि त्या चुकीकडे बघता बघता ही मुलगी त्याला दिसायला लागली.

त्या घराच्या दिवाणखान्यात एक दार आहे. उघडलं की पलीकडे विटांची भिंत. एके दिवशी घरात कुणी नसताना कोरलाइन ते दार उघडते, तर भिंत नाही! अंधारी वाट आहे, आणि वाटेच्या टोकाला हुबेहूब आपलंच घर आहे. तिथं हुबेहूब आपलीच आई आहे. फक्त तिची बोटं जरा जास्तच लांब आहेत आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे, चकचकीत बटणं शिवलेली आहेत. ही ‘दुसरी आई’ सुग्रास जेवायला घालते, खेळते, लाड करते. ती कधी ‘आत्ता नको’ म्हणत नाही. इथं कायमचं राहायचं असेल तर एकच अट. कोरलाइनच्या डोळ्यांवरही सुईदोऱ्यानं बटणं शिवायची.

आपल्याला ही बाई नवी नाही. गोकुळात सुंदर रूप घेऊन आलेली, बाळकृष्णाला प्रेमानं मांडीवर घेणारी पूतना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खोट्या मायेला ‘पूतनामावशीचं प्रेम’ म्हणतो ते उगीच नाही. वाघ, लांडगा, राक्षस यांची भीती निराळी. ते समोरून येतात. आईसारखं दिसणारं पण आई नसलेलं काही घरात असेल, तर पळून जायचं कुणाकडे? मुलाच्या मनातल्या सगळ्यात खोल भीतीला या कादंबरीनं हात घातला आहे.

गेमन यांनी हे लिखाण १९९० च्या सुमारास आपल्या थोरल्या मुलीसाठी सुरू केलं होतं. चार-पाच वर्षांची ती पोर त्यांच्या मांडीवर चढून, आई बनून आलेल्या चेटकिणींच्या गोष्टी स्वतःच त्यांना सांगत असे. तसल्या गोष्टींचं पुस्तक कुठं मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. ते तेव्हा राहत होते त्या घरात विटांच्या भिंतीवर उघडणारं एक दारही खरोखरच होतं. पुढं कुटुंब अमेरिकेला गेलं, लिखाण मागं पडलं. वर्षं गेली, मुलगी मोठी झाली. मग धाकट्या मुलीसाठी त्यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि रात्री झोपण्यापूर्वी थोड्या थोड्या ओळी लिहीत पुरं केलं. नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर कादंबऱ्या लिहिलेल्या माझ्यासारख्याला या पद्धतीचं फार अप्रूप वाटलं नाही. पण एक गोष्ट मात्र मनात रुतली. हस्तलिखित वाचून त्यांच्या साहित्यिक प्रतिनिधी बाई म्हणाल्या, की हे मुलांसाठी नाहीच, फार भयानक आहे. गेमन म्हणाले, तुमच्या मुलीला वाचून दाखवा, मग सांगा. बाईंनी वाचून दाखवलं. मुलगी घाबरली नाही. त्या एका लहान मुलीच्या निर्वाळ्यावर ही कादंबरी मुलांचं पुस्तक म्हणून बाजारात आली, मोठे सन्मान मिळवून गेली. या मुलीला वाचकांनी लक्षात ठेवावं. लेखात ती पुन्हा येणार आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत या कादंबरीवरचा हेन्री सेलिक यांचा चित्रपट आला. बाहुल्या कणाकणानं हलवून केलेला, डोळे दिपवणारा. आणि त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या एका छोट्या नाट्यगृहात याच गोष्टीचं संगीत नाटक आलं. दोघांचं जगणंच वेगळं. चित्रपटगृहात भव्य पडदा. इथं तीनशेच्या आसपास खुर्च्या आणि हाताच्या अंतरावर रंगमंच. ब्रॉडवेची अवाढव्य नाट्यगृहं सोडून अशा लहान जागांत होणाऱ्या नाटकांना तिथं ‘ऑफ ब्रॉडवे’ म्हणतात. या नाट्यगृहाचं नाव लुसिल लॉर्टेल. पूर्वी ते ‘थिएटर द लिस’ म्हणून ओळखलं जाई, आणि ब्रेख्त-वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चं १९५४ सालचं गाजलेलं इंग्रजी रूप याच रंगमंचावर आलं होतं. त्याच ऑपेराचं पुलंनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. अनोळखी गावात ओळखीचं घर निघावं, तसं मला हे वाचून वाटलं.

नाटकाची संहिता डेव्हिड ग्रीनस्पॅन यांची, गाणी आणि संगीत स्टीफन मेरिट यांचं, दिग्दर्शन ली सिल्व्हरमन यांचं. मेरिट हे घुमणाऱ्या खर्जातल्या आवाजाचे गायक-संगीतकार. १९९९ साली त्यांनी प्रेमावरची तब्बल ६९ गाणी एकाच संग्रहात काढली होती. या माणसानं मुलांच्या नाटकासाठी वाद्यवृंद कोणता निवडावा? व्हायोलिन नाही, ढोल नाही, बासरी नाही. नुसते पियानो. एक नेहमीचा, एक खेळण्यातला आणि एक ‘तयार केलेला’.

खेळण्यातल्या पियानोत तारा नसतात. पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी धातूच्या दांड्यांवर आपटते आणि देवघरातल्या घंटीसारखा किणकिणाट होतो. त्याचे सूर नेहमी थोडे इकडेतिकडे असतात. ‘तयार केलेला’ पियानो ही जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची १९४० च्या आसपासची करामत. चांगल्या पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवायचे. मग तीच पट्टी दाबल्यावर पियानोचा सूर निघतच नाही. कुठं घंटेचा टणत्कार, कुठं लाकडावरचा ठोका निघतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीकसा दोरा सरकवला, की नाद कसा पालटतो ते गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. आपण दोरा घालतो तो सूर खुलावा म्हणून. केज यांनी बोल्ट अडकवले ते ओळखीचा सूर अनोळखी व्हावा म्हणून.

ध्वनिमुद्रिका ऐकताना माझ्या हळूहळू लक्षात आलं, की गोष्टीचं मर्म मेरिट यांनी शब्दांइतकंच या निवडीत ठेवलं आहे. वाद्य तेच, पट्ट्या त्याच, वाजवणारी बोटंही तशीच. पण आत कुणीतरी काहीतरी अडकवून ठेवलं आहे. दाराच्या पलीकडचं घर नेमकं असंच आहे. आणि खेळण्यातल्या पियानोची किणकिण? ती आधी गोड वाटते, मग जराशी बेसूर, आणि दिवे मालवून ऐकली तर अंगावर शहारा आणते. ऐकणाऱ्याला भिववायला मेरिट यांना किंकाळ्या लागल्या नाहीत. मुलाच्याच खेळण्यातून त्यांनी भीती काढली.

पात्रयोजना तर त्याहून धाडसी. कोरलाइन म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोर. ती भूमिका केली जेन हाऊडीशेल या पन्नाशी उलटलेल्या, भरल्या अंगाच्या अभिनेत्रीनं. पुढं २०१६ साली एका वेगळ्या नाटकासाठी टोनी पारितोषिक मिळवणाऱ्या याच त्या हाऊडीशेल. आणि बटणांच्या डोळ्यांची ‘दुसरी आई’ झाले होते खुद्द नाटककार ग्रीनस्पॅन. एक पुरुष. तेव्हाच्या परीक्षणांत यावर एकमत झालं नाही. काहींना ही कल्पना फार आवडली, काहींना वाटलं की अशानं भीतीच हरवते.

मराठी माणसाला मात्र हे फार चक्रावून टाकणारं नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी केलेली चेटकीण आठवून पाहा. २०१८ साली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि नाट्यगृहं पोरांच्या आरडाओरड्यानं दणाणून गेली. चेटकीण साडी नेसलेला बाप्या आहे हे पोराटोरांना पहिल्या मिनिटाला कळतं. तरी ती घाबरतात. घाबरता घाबरता हसतात. भीती आणि ‘हे नाटक आहे’ ही जाणीव, या दोन्ही गोष्टी मुलाच्या मुठीत एकाच वेळी मावतात. भातुकलीत पाच वर्षांची मुलगी आई होते आणि सगळ्यांना ते पटतं, तर पंचावन्न वर्षांची बाई मुलगी झाली तर का पटू नये?

जाता जाता सांगायला हरकत नाही, की मतकरीही सुमारे वीस वर्षं बँकेत होते. १९७८ साली नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ लेखन-रंगभूमीला वाहिला. मोठ्यांसाठी गूढकथा आणि मुलांसाठी बालनाट्यं, असं दोन्ही त्यांनी आयुष्यभर लिहिलं. २०२० साली ते गेले. आमच्या पिढीतल्या लिहित्या बँकवाल्यांना त्यांचा फार आधार वाटायचा.

हाऊडीशेल यांच्या पन्नाशीतल्या कोरलाइनचा विचार करता करता मला माझीच एक जुनी फाईल उघडावी लागली.

१९९३ साल. माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली होती. मुलगी आठ वर्षांची. बाजारपेठेमागच्या एका जुन्या वाड्यात आम्ही तीन खोल्या भाड्यानं घेतल्या. चौथी खोली मालकांनी कुलूप लावून स्वतःकडे ठेवली होती. आत त्यांच्या दिवंगत आईचं सामानसुमान होतं. त्या खोलीचं दार आमच्या झोपायच्या खोलीत उघडत असे, म्हणजे उघडलं असतं तर. पत्नीनं तिथल्या शाळेत दुपारच्या सत्रात शिकवायला सुरुवात केली होती. मुलीची शाळा सकाळची. दुपारी ती मालकीणबाईंकडे असायची. मी रात्री आठ-साडेआठच्या आत कधी घरी आलो नाही. तेव्हा संगणक नव्हते. लेजरची बेरीज हातानं जुळवायची. एकदा दोन रुपये सत्तर पैशांच्या फरकासाठी आम्ही चौघं रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. फरक सापडला तेव्हा टाळ्या वाजवल्या, हे आठवून आता हसू येतं. घरी पोर जागी होती, हे आठवलं की हसू थांबतं.

तिचं वाक्य ठरलेलं असायचं. ‘‘बाबा, एक गंमत सांगू?’’ आणि माझं उत्तर ठरलेलं. ‘‘नंतर.’’ आईचंही तेच. वह्या तपासायच्या असायच्या. कोरलाइनचे आईवडील काही दुष्ट नाहीत. ते आमच्यासारखेच आहेत.

एका संध्याकाळी मुलीनं जाहीर केलं, ‘‘मी आजपासून काकूंकडे राहणार. त्या कधी ‘नंतर’ म्हणत नाहीत.’’ मालकीणबाई तिच्यासाठी दाण्याचे लाडू करायच्या, वेणी घालायच्या, शाळेतली प्रत्येक फुटकळ बातमी हातातलं काम ठेवून ऐकायच्या. पत्नी काही बोलली नाही; आत जाऊन उगाच भांडी आवरत राहिली. तासाभरानं मालकीणबाईच मुलीला बोटाला धरून घेऊन आल्या आणि दारात म्हणाल्या, ‘‘जा ग बाई आत, आईनं पान मांडलंय. लाडू खायला उद्या ये.’’

तेव्हा या प्रसंगाची मी फक्त लाज बाळगली. कादंबरी वाचल्यावर त्यातला अर्थ उमगला. मुलाचे लाड करणारी दुसरी आई पुष्कळांच्या नशिबात असते; शेजारीण असते, मावशी असते, आजी असते. ती भली की बुरी, हे लाडवांवरून कळत नाही. ती मुलाला परत पाठवते की नाही, यावरून कळतं. बटणांच्या डोळ्यांची आई सगळं देते, फक्त परत जाऊ देत नाही. खरी आई ‘नंतर’ म्हणते, कंटाळते, रागावते. पण तिला मुलाचे डोळे जसे आहेत तसेच हवे असतात.

आता त्या मुलीकडे येतो. साहित्यिक प्रतिनिधी बाईंची ती मुलगी, जिला गोष्ट ऐकताना भीती वाटली नव्हती. २००९ साली नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला तेव्हा ती मोठी झालेली होती आणि प्रेक्षागृहात गेमन यांच्या शेजारीच बसली होती. गेमन यांनी ही हकिकत पुढं जाहीरपणे सांगितली आहे. ते तिला म्हणाले, की हे सगळं तुझ्यामुळे झालं, कारण तू घाबरली नाहीस. त्यावर तिनं सांगितलं, की मी भयंकर घाबरले होते. पण पुढं काय होतं ते मला हवं होतं, आणि भीती वाटते असं कळू दिलं असतं तर वाचणं थांबलं असतं!

ही हकिकत वाचून मी खूप हसलो होतो. सोसायटीच्या बैठकीनंतर त्या रात्री मुलीला फोन केला तेव्हा तिलाही सांगितली. मला वाटलं, तीही हसेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, त्या वाड्यातली बंद खोली आठवते?’’

आठवत होती तर! तिला झोपवताना मी रोज एक गोष्ट सांगायचो, हा माझा त्या काळातला एकमेव चांगला रिवाज. घाटातल्या एका म्हातारीची लांबतच जाणारी गोष्ट होती. रात्री एसटी बंद पडली की ती म्हातारी प्रवाशांना पाणी द्यायला यायची आणि तिचे पाय उलटे असायचे. होतकरू लेखक होतो, हातचं काही राखून ठेवत नसे. मधूनमधून विचारायचो, ‘‘भीती वाटत नाही ना?’’ ती ठामपणे म्हणायची, ‘‘भीती वाटत नाही, बाबा!’’ मी खूष. केवढी धीट पोरगी!

‘‘ती म्हातारी त्या खोलीत राहते असं मला वाटायचं,’’ मुलगी फोनवर सांगत होती. ‘‘दोन वर्षं मी त्या दाराकडे तोंड करून झोपायचे. पाठ केली तर ती येईल म्हणून.’’

‘‘अगं, मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते तर तुम्ही गोष्ट बंद केली असती. दिवसभरात तुम्ही तेवढेच मिळायचात.’’

बत्तीस वर्षांनी हा फरक सापडला. या वेळी टाळ्या वाजवाव्यात असं काही नव्हतं. ‘माफ कर’ म्हणालो. ती म्हणाली, ‘‘छे हो! शेवटी ती म्हातारी चांगली निघाली होती ना? ते कळलं त्या रात्री मी पाठ करून झोपले.’’ गोष्टीचा शेवट मी स्वतः विसरलो होतो. तिला पाठ होता.

मग तिनंच मला एक अडचणीचा प्रश्न विचारला. ‘‘त्या लेखकाबद्दल अलीकडे काय काय आलंय ते वाचलंत ना?’’ वाचलं होतं. २०२४ पासून अनेक महिलांनी गेमन यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले आहेत. आपण कुणाच्याही संमतीवाचून काही केलेलं नाही, असं सांगून गेमन यांनी ते नाकारले आहेत. इंग्लंडमधल्या लीड्स इथं २०२५ च्या वसंतात ‘कोरलाइन’वरचं एक नवं संगीत नाटक येणार होतं; तिथून ते आणखी काही शहरांत जायचं होतं. या आरोपांनंतर त्याच वर्षीच्या जानेवारीत निर्मात्या संस्थांनी ते रद्द केलं. खरंखोटं ठरवणं माझं काम नाही. मुलगी म्हणाली, ‘‘पुस्तक मी लेकीपासून लपवणार नाही. पण ती मोठी झाली की हेही तिच्यापासून लपवणार नाही.’’ मला तिचं म्हणणं पटलं. गोड बोलून, जेवायला घालून, भेटी देऊन जवळ करणाऱ्या माणसालाही ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, हेच तर ते पुस्तक मुलांना शिकवतं. ही शिकवण लिहिणाऱ्याला वगळून देता येत नाही.

कादंबरीत एक प्रसंग आहे. कोरलाइन लहान असताना वडील तिला एका ओसाड जागी फिरायला नेतात आणि तिथं गांधीलमाश्यांचं पोळं उठतं. वडील तिला पळायला सांगतात आणि स्वतः माश्यांचे डंख सोसत मागं थांबतात. त्या गडबडीत त्यांचा चष्मा तिथंच पडतो. तो आणायला ते नंतर एकटे परत जातात. वडिलांचं म्हणणं असं, की आधी थांबलो ते काही शौर्य नव्हे; तेव्हा घाबरायला वेळच नव्हता. माश्या तिथं आहेत हे ठाऊक असताना, भीती वाटत असताना चष्म्यासाठी परत गेलो, ते शौर्य. ही आठवण काढूनच कोरलाइन अंधाऱ्या वाटेनं पुन्हा त्या घरात जाते, कारण आता तिचे खरे आईवडील तिथं कैदेत आहेत. आणि शेवटी त्या दुसऱ्या आईचा पाठलाग करणारा हात ती कशानं संपवते? भातुकलीनं! एका खोल विहिरीच्या तोंडावर कागदी आच्छादन अंथरते, त्यावर बाहुल्यांची पंगत मांडते, आणि तो हात आच्छादनासकट विहिरीत जातो. खेळण्यातल्या पियानोची निवड मला इथं पुन्हा आठवते. मुलाकडे भीतीशी लढायला दुसरं असतं काय? त्याचा खेळच.

गेमन यांचं एक निरीक्षण आहे, की या गोष्टीत मुलांना साहस दिसतं आणि रात्री वाईट स्वप्नं पडतात ती मोठ्यांना. मला ते अर्धंच खरं वाटतं. मुलांनाही भीती वाटतेच. शेजारी बसलेली ती मुलगी आणि माझी मुलगी याला साक्षी आहेत. पण मुलांना शेवट हवा असतो. भीती अर्ध्यावर सोडली तर ती बंद खोलीत जाऊन बसते. शेवटापर्यंत नेली, आणि तोवर कुणी मोठं माणूस अंथरुणाशी बसून राहिलं, तर पोर पाठ करून झोपतं. माझी चूक भीतीची गोष्ट सांगितली ही नव्हती. ‘भीती वाटत नाही’ हे उत्तर ऐकून मी निर्धास्त झालो, ही होती. जमाखर्च जुळला म्हणून वही मिटली. खाली बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर त्या तरुण आईकडे गेलो. तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नव्हतं, तसं सांगितलं. मुलगी रात्री दचकून उठते म्हणजे भीती घरात आधीपासूनच आहे, ती चेटकिणीनं आणलेली नाही, एवढंच म्हणालो. आणि एक सुचवलं. तालमीला मुलीला घेऊन येत जा. चेटकिणीची नखं पुठ्ठ्याची कशी करतात ते तिला बघू दे. प्रयोगाला तिच्या शेजारी बसा आणि शेवट होईपर्यंत उठू नका. ती लगेच ‘हो’ म्हणाली नाही. ‘‘बघते,’’ म्हणाली.

गणपतीच्या पाचव्या दिवशी नाटक झालं. चेटकीण झाला होता बी विंगमधला दहावीतला एक लांबलचक मुलगा. नखं थोडी सैल झाली होती. एक पहिल्याच प्रवेशात गळून पडलं आणि हशा पिकला. दिवे गेले आणि ती खदाखदा हसली तेव्हा मात्र सगळ्या पटांगणावर शांतता पसरली. ती सहा वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर होती. तिनं आईची ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती. डोळे झाकले मात्र नव्हते.

नाटक संपल्यावर प्रसादाच्या रांगेत ती माझ्यासमोर आली. मी वाकून विचारलं, ‘‘काय ग, भीती वाटली?’’

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून ठामपणे म्हणाली, ‘‘नाही!’’

मी या वेळी निघून आलो नाही. तिच्याजवळ तिथंच पायरीवर बसलो. दोघांनी मिळून मोदक खाल्ला. मोदक संपत आला तसं ती जवळ सरकून हळूच म्हणाली, ‘‘थोडीशी वाटली. पुढच्या वर्षी पण करणार ना?’’